जीभ टाळूला लावायचं ऑपरेशन

जन्मात जिची जीभ टाळूला लागली नाही, त्या बाईवर शेवटी जीभ टाळूला लावायचं ऑपरेशन झालं, असं तिची आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. गंमत अशी, की आईचं म्हणणं अगदी खरं होतं आणि साफ चुकीचंही होतं. दोन्ही एकदम कसं, ते सांगतो. पण जरा दमानं घ्या, कारण ज्या बाईची ही गोष्ट आहे तिनंही कधी काही थोडक्यात सांगितलेलं नाही.

तिला सगळे टकळी म्हणायचे. घरी टकळी, गल्लीत टकळी, आणि ज्या दुकानात ती पडद्यांचं आणि सोफ्याचं कापड विकायची तिथं, जरा मान द्यायचा म्हणून, टकळीताई. वय चाळिशीला टेकलेलं. लग्न झालेलं नाही. आई, दादा आणि वहिनी यांच्याबरोबर राहायची, आणि त्या तिघांच्या वाटणीचं बोलणंही हीच उरकायची. दादा मुळात अबोल होता की त्याला कधी संधीच मिळाली नाही, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही.

दुकानात तर विचारूच नका. गिऱ्हाईकाचा एक पाय अजून पायरीवर असायचा आणि हिचं सुरू: "या, या. खिडकी कुठल्या बाजूला? पश्चिमेला? मग हा रंग हातात पण घेऊ नका, वर्षात उडेल. घरात लहान मूल? मग पांढऱ्याचं नाव काढू नका. सासूबाई आहेत? त्यांना विचारलंत? नाही? मग आधी विचारून या बाई, कापलेलं कापड आम्ही परत घेत नाही." गिऱ्हाईक हसायचं, बसायचं, पाणी प्यायचं, आणि पुष्कळदा सासूबाईंना विचारायला म्हणून जे जायचं ते जायचंच. मालक गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे. पण तिला काढून टाकायचं त्यांच्या मनात आलं नाही. ती रजेवर असली की दुकान ओस पडल्यासारखं वाटतं, असं तेच म्हणायचे.

आता मुद्द्याचं. या बाईला गिळता येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. नाहीतर चाळिशी कशी गाठली असती? पण तिचे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मागच्या दाढा टेकायच्या आणि पुढं एक फट राहायची, चांगलं बोट जाईल एवढी. वाटण्या झालेल्या भावांसारखे ते दात समोरासमोर राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. तुम्ही-आम्ही घास गिळतो तेव्हा जीभ वर जाऊन टाळूला लागते आणि घास मागं ढकलते. आपल्याला हे ठाऊकही नसतं. टकळीची जीभ वर जाण्याऐवजी पुढं त्या फटीत घुसायची. मग घास मागं जाणार कसा? तो जायचा मान उंचावून, हनुवटी पुढं काढून, ओठ घट्ट आवळून आणि वर पाण्याचा घोट घेऊन. एकेका घासाला एवढा खटाटोप.

लहानपणी शाळेत डबा खाताना एका मुलीनं तिची नक्कल केली होती. मान वर, हनुवटी पुढं, डोळे बारीक. "कोंबडी पाणी पितेय!" सगळा वर्ग हसला. टकळीही हसली, आणि हसता हसता तिनं डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी डबा उघडला मात्र, आणि ती जी बोलायला लागली ती सुट्टी संपेपर्यंत थांबलीच नाही. घंटा झाली तेव्हा डबा भरलेलाच होता आणि ते एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी तिला कळलं, की बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे लोक बघतात खरे, पण त्यात घास जातोय की नाही ते बघत नाहीत.

बस्स, मग तेच आयुष्यभर चाललं. लाज वाटायची तिला. सरळ सांगायचं तर लाज, दुसरं काही नाही. लोकांना वाटायचं ही जन्माची बोलकी. अहो, बोलकी कसली? भुकेली होती ती.

दुकानात दुपारी कापड कापायचं लांब टेबल रिकामं करायचे, वर्तमानपत्रं अंथरायचे आणि सगळ्यांचे डबे त्यावर यायचे. मालक, हिशेबनीस, पडदे शिवणाऱ्या मामी आणि सोफेवाला. हा सोफेवाला सोफ्याला कापड ठोकताना तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा, त्यामुळे दिवसभर त्याचं तोंड बंद. "याच्या तोंडात नुसत्या चुका," असं मामी म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. तर या टेबलावर टकळी रोज डबा उघडून बसायची, चमचा हातात घ्यायची, भात इकडून तिकडं करायची आणि बोलायची. कोणत्या गिऱ्हाईकानं काय केलं, वहिनी कुणाला काय म्हणाली, बसमध्ये कोण कुणाच्या पायावर उभं राहिलं. टेबल हसत हसत जेवायचं. ती डबा घरी आणायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, उभ्या उभ्या खायची. वहिनीला वाटायचं, हिला बसायला सुद्धा फुरसत नाही.

अशाच एका संध्याकाळी बटाट्याची फोड घशात अडकली. पाण्याचा पेला जरा लांब राहिला होता. ओरडायचं म्हटलं तर आवाज फुटेना. बाहेरच्या खोलीत आई म्हणाली, "आज टकळी कशी गप्प?" आणि बरं वाटून तिनं पाय लांब केले. वहिनी मीठ घ्यायला म्हणून आत आली नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती. वहिनीनं पाठीत असे काही धपाटे घातले की फोड समोरच्या भिंतीवर जाऊन बसली.

टकळी खाली बसून धापा टाकत होती. वहिनीनं पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि ओरडली.

"लपून खाता? आपल्याच घरात? मेला असतात ना, आणि कुणाला कळलंही नसतं!"

टकळीनं मग सगळं सांगितलं. शाळा, कोंबडी, दुकानातलं टेबल. वहिनी या घरात येऊन पंधराएक वर्षं झाली होती आणि दोघी रोज तासन् तास बोलत होत्या. पण ही पहिली गोष्ट, जी टकळीनं खरोखर सांगितली.

"मला ना वहिनी, चारचौघांत बसून जेवायचंय," ती म्हणाली. "एक घास. कुणी न बघता, मी न लपता. बाकी काही नको."

वहिनी तिला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली, त्यांनी मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि तिथं आईनं बरोबर यायचा हट्ट धरला. "या वयात चेहऱ्याची कापाकापी? मी जाऊन सांगते त्याला." रस्ताभर आई हेच म्हणत होती.

डॉक्टरांनी टकळीला पाणी प्यायला लावलं, ओठ बाजूला करून बघितलं, फोटो बघितले, आणि मान हलवत म्हणाले, "हं. यांची जीभ टाळूला लागतच नाही."

आई ताडकन उभी राहिली. "डॉक्टर, तुम्ही देवमाणूस आहात!"

"म्हणजे?"

"अहो, हे मी हिला लहान होती तेव्हापासून सांगतेय! जीभ म्हणून टाळूला लागत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. कुणी माझं ऐकलं नाही."

डॉक्टर चकित झाले. "तुमच्या लक्षात आलं होतं? सहसा घरच्यांना हे कळत नाही."

"लक्षात? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे!"

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आईकडे जरा आदरानं बघितलं.

"मग ऑपरेशननंतर लागेल?"

"जबडे जागेवर आणले की जिभेला जागा मिळेल. पण इतक्या वर्षांची सवय आहे, ती लगेच जाणार नाही. शिकवावं लागेल, सराव करावा लागेल."

"सराव मी करून घेते," आई म्हणाली. "तुम्ही तेवढं ऑपरेशन करा."

टकळीनं तोंड उघडलं होतं, की आई, ते म्हणतायत ते वेगळं आणि तू म्हणतेस ते वेगळं. पण वहिनीनं टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. आणि टकळीनं, आयुष्यात बहुधा प्रथमच, तोंडात आलेलं वाक्य तोंडातच ठेवलं. आईची संमती मिळाली होती. ती म्हणीच्या चुकीनं मिळाली म्हणून काय परत करायची?

वर्षभर दातांना तारा बांधल्या. त्या वर्षात जो तो येऊन विचारून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगा बघितलाय वाटतं?" मालक घाबरून म्हणाले, "टकळीताई, आईसाहेब म्हणतात तुमचं बोलणं बंद करायचं ऑपरेशन आहे. दुकानाचं काय?" ती प्रत्येकाला समजावत बसली, की हे रूपासाठी नाही, बोलण्यासाठीही नाही, गिळण्यासाठी आहे. सगळे ऐकून घ्यायचे आणि डोळा मारायचे. गिळण्यासाठी कुणी जबडा कापून घेतं का? तोंडाला येईल ते सांगते झालं.

ऑपरेशन झालं. वरचा जबडा कापून बसवला, खालचा कापून बसवला, पट्ट्या आणि बारीक स्क्रू लावले आणि वरच्या-खालच्या दातांना रबरांनी एकमेकांशी बांधून टाकलं. शुद्धीवर आली तेव्हा चेहरा सुजून भोपळा झाला होता, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होती, आणि बोलायला गेली तर नुसतं "हूं". आई पायाशी उभी होती. तिनं लेकीचं ते रूप बघितलं आणि आधी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "लागली बाई एकदाची."

घरी आल्यावर खाणं म्हणजे सगळं पातळ. वहिनी पिचकारीला रबराची नळी लावायची, ती गालाच्या आतून मागं सरकवायची आणि थोडं थोडं सोडायची. दूध, फळांचा रस, आणि ताकद यावी म्हणून मूग शिजवून, घोटून, गाळून केलेलं पाणी. पहिल्या दिवशी दूध नाकातून आलं. दुसऱ्या दिवशी बधिर ओठावरून गळ्यापर्यंत ओघळलं आणि तिला कळलंही नाही. वहिनी तोंड पुसत म्हणाली, "लोक नुसतं म्हणतात हो मूग गिळून गप्प बसली. तुम्ही खरंच बसलात." टकळीला हसू आलं, पण हसताही येत नव्हतं, नुसते खांदे हलले.

आईचे ते दिवस सोन्याचे. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायची. "बघा. शब्द नाही तोंडातून." काकू म्हणाल्या, "माझ्या सुनेलाही विचारून बघा की डॉक्टरांना." घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. दादा एकदा चार वाक्यं सलग बोलला आणि स्वतःच दचकला.

पण भांडायला दोन माणसं लागतात हो. आई म्हणायची, "आज उकडतंय," आणि वाट बघायची. टकळी असती तर म्हणाली असती, कुठं उकडतंय, तूच खिडकी लावून बसतेस, आणि तिथून जी गाडी सुटली असती ती आईच्या माहेरापर्यंत गेली असती. आता नुसतं "हूं". आई मग स्वतःच म्हणायची, "खिडकी लावलीय म्हणून असेल." असं किती दिवस चालणार? शेवटी एकदा आईनं दादाला स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अरे, जास्त घट्ट तर नाही ना बांधली? परत बोलेल ना ती?" टकळीनं पलीकडून ते ऐकलं. तिला खरं तर आईचा राग राग करायचा होता, पण जमलं नाही.

रबरं निघाली. दात आता एकावर एक नीट बसत होते, सूज उतरली होती आणि चेहरा असा काही निघाला होता की ओळखीची माणसं ओळख विसरत होती. काकू आल्या, टाळी वाजवून म्हणाल्या, "अगं बाई, काय दिसतेस! थांब, माझ्या बघण्यात एक आहे..." टकळी थांबून ऐकत होती आणि तेवढ्या वेळात बधिर ओठावरून लाळ ओघळून तिच्या छातीवर पडत होती. काकूंना ती दिसली नाही. काकू चेहरा बघत होत्या.

आणि गिळणं? गिळणं आधीपेक्षा वाईट झालं होतं! जीभ बिचारी चाळीस वर्षांच्या सवयीनं फट शोधायला पुढं धावायची आणि दातांच्या भिंतीवर आपटायची. बोळ बंद झाला होता आणि तिला कुणी कळवलंच नव्हतं. घास तोंडात नुसता फिरायचा. पूर्वी निदान कोंबडीसारखा का होईना, खाली जायचा. एकदा मऊ भाताचा घास असा कितीतरी वेळ तोंडात घेऊन ती आरशासमोर उभी राहिली, शेवटी तो थुंकला आणि रडली. दात जुळले, चेहरा जुळला, सगळ्या गल्लीचं समाधान झालं. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती गोष्ट होती त्याहून लांब गेली होती. हे सांगणार कुणाला? ज्याला त्याला रूप दिसत होतं.

डॉक्टरांनी तिला गिळायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. हो, असतात अशा बाई. लहानशी खोली, एक आरसा, पाण्याचा पेला.

"जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं टेकवा. दातांना लावायचं नाही, त्यांच्या मागं, तो उंचवटा आहे तिथं. आता बाकीची जीभ वर चिकटवा. दात मिटा, ओठ मिटा. आणि गिळा. हनुवटी हलता कामा नये."

"म्हणजे मी असं करायचं का, की आधी टोक—"

"बोलू नका."

"नाही, मी विचारतेय, की पाणी आधी घ्यायचं की—"

"तुम्ही बोलताय ताई, तोवर जीभ वर कशी राहणार?"

टकळी गप्प झाली. बाईंनी सांगितलं, की नुसतं गिळतानाच नाही, एरवीही जिभेनं तिथंच बसायचं असतं. टाळूला. ती तिची बसायची जागा.

"मग बोलायचं कधी?" टकळीनं विचारलं.

"काही सांगायचं असेल तेव्हा," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढं केला.

हे उत्तर टकळीला भलतंच विचित्र वाटलं. घरी जाताना बसमध्ये ती त्यावर विचार करत राहिली आणि शेजारच्या बाईशी एक शब्द बोलली नाही.

मग सराव. आधी आवंढा, मग पाण्याचा घोट, मग घट्ट काही. आई समोर बसायची आणि पहारा द्यायची. "लागली का?" टकळी मान हलवायची. "मग गिळ." घोट कधी जायचा, कधी ठसका लागायचा. आता आईला काय कळत होतं आणि काय नाही, देव जाणे, पण ती लेकीबरोबर स्वतःही आवंढे गिळायची, आणि एक दिवस गंभीरपणे म्हणाली, "अगं, माझी पण लागते की वर."

दुकानात टकळी परत गेली ती याच सरावाच्या दिवसांत. जीभ टाळूला लावून उभी. एक गिऱ्हाईक आलं, निळं कापड हातात घेऊन म्हणालं, "हे कसं दिसेल?" टकळीनं कापडाकडे बघितलं, गिऱ्हाईकाकडे बघितलं, आणि कापड हळूच त्याच्या हातातून घेऊन परत घडी करून ठेवलं. गिऱ्हाईक ओशाळलं. त्यानं वरच्या फळीवरचं महागाचं काढायला सांगितलं आणि सगळ्या घराचे पडदे त्यातच घेतले. असं एकदा नाही, रोज व्हायला लागलं. लोक म्हणायचे, त्या दुकानात एक बाई आहे, फार जाणकार, उगाच बोलत नाही. वीस वर्षं जीव तोडून बोलली तेव्हा सासूबाईंना विचारायला जायचे, आणि आता नुसती बघते तर थानंच्या थानं उचलतायत! मालक हात जोडून म्हणाले, "टकळीताई, तुम्ही अशाच राहा." म्हणजे ऑपरेशनच्या आधी बोलणं बंद होईल म्हणून धास्तावलेले हेच गृहस्थ बरं का.

सगळ्यांनी चेहऱ्याचं कौतुक केलं. सोफेवाल्यानं मात्र तोंडातल्या चुका हातावर काढल्या आणि विचारलं, "गिळता येतं का आता?"

टकळी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय माहीत?"

"दिवसभर काही गिळायचं नाही याच्याकडेच माझं लक्ष असतं," तो म्हणाला. "दुसरं कुणी गिळत नसलं तर कळतं." आणि चुका परत तोंडात टाकून कामाला लागला.

हे ऐकून तिची भूकच मेली. म्हणजे याला ठाऊक होतं? आणखी कुणाला? दुपार झाली की ती आपली पातळ खाण्याची बाटली घेऊन मागच्या गोदामात जायला लागली. पण घरी सराव चालू राहिला, आणि हळूहळू घास जायला लागले. आरशासमोर, मग वहिनीसमोर. वहिनीसमोर गेलेल्या पहिल्या घासाला दोघी इतक्या हसल्या की दुसरा अडकला. उरलं होतं ते दुकानातलं टेबल. ज्याच्यासाठी जबडा कापला ते टेबल, आणि पाय काही तिकडं वळेना.

शेवटी वहिनीनंच डब्यात मऊ भात आणि शिजवलेला भोपळा भरून दिला आणि बजावलं, "रिकामा आणा. नाहीतर घरी येऊ नका."

दुपारी टकळीनं बघितलं तर लांब टेबलावर कापडाचे तागे तसेच पडलेले. हिशेबनीस आपल्या खुर्चीत डबा उघडत होता. मामी शिलाई यंत्रावर, मालक गल्ल्यावर, सोफेवाला एका उलट्या खुर्चीच्या सांगाड्यावर. तिला कळेना.

"टेबल नाही मांडलं?"

"तू गेलीस तेव्हापासून कुणी मांडलंच नाही गं," मामी म्हणाल्या.

टकळीनं तागे उचलले. वर्तमानपत्रं अंथरली. एकेक जण डबा घेऊन आला आणि आपापल्या जुन्या जागी बसला. तिनं डबा उघडला. घास घेतला, चावला. टोक वर, दातांच्या मागं. जीभ वर. दात मिटले, ओठ मिटले. हनुवटी जागची हलली नाही, आणि घास गेला. मुकाट्यानं, जसा सगळ्या जगाचा जातो तसा.

तिनं डोळे वर करून बघितलं. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या डब्यात मान घालून बसला होता, आणि इतकी वर्षं तोंडाची टकळी चालू असल्यामुळं जे तिला दिसलं नव्हतं ते आता दिसलं: हे लोक असेच बसायचे. तिच्या तोंडाकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून बघितलं नव्हतं. सोफेवाल्याला ठाऊक होतं, मामींना ठाऊक होतं, त्या हिशेबाच्या किड्यालासुद्धा ठाऊक होतं. तिला एकदम राग आला, मग लाज वाटली, मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिनं दुसरा घास घेतला. तोही गेला.

टेबलावर शांतता होती. चमच्यांचा आवाज, चावण्याचा आवाज. कुणाच्या तरी दाढेखाली काहीतरी कुरकुरीत मोडलं आणि सगळ्यांना ऐकू गेलं. मालकांनी घसा खाकरला. मामी लागोपाठ दोनदा पाणी प्यायल्या. हिशेबनीसानं घास तोंडाजवळ नेला, परत खाली ठेवला, इकडे तिकडे बघितलं, आणि अवघडून म्हणाला,

"टकळीताई, काहीतरी बोला हो. घास उतरत नाही."

"हो ना गं," मामी म्हणाल्या. "आपलं खाणं आपल्यालाच ऐकू येतंय. बोल की काहीतरी."

मालक इतके दिवस अशाच राहा म्हणून हात जोडत होते. त्यांनीही मान हलवली. सोफेवाल्यानंही चमचा खाली ठेवला होता. चौघेही हात थांबवून तिच्याकडे, तिच्या तोंडाकडे, अगदी उघड बघायला लागले.

टकळीनं डावा हात वर केला. तिसऱ्या घासानं गाल फुगलेले होते. हाताच्या आडून ती म्हणाली,

"थांबा. तोंडात घास आहे."

ते थांबले. तिला काहीही घाई नव्हती.